शून्याची रेघ

माझ्या नणंदबाईंना आयुष्यात एकच प्रमाणपत्र मिळालं, निरोगी असल्याचं. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की त्यातच त्या गेल्या. हे मी रागाने लिहिते आहे, आणि हा राग जावा अशी माझी इच्छाही नाही.

त्या माझ्या नवऱ्याच्या मोठ्या बहीण, आमच्या ताई. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे मी नवी नवरी असताना भीतभीत विचारलं होतं, तर म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याला वाढवूनच दमले, आणखी एक पुरुष सांभाळायचं त्राण नव्हतं. आईवडील लवकर गेल्यामुळे भावाला त्यांनीच लहानाचं मोठं केलेलं. त्यामुळे घर त्यांचं आणि मी पाहुणी, असा कारभार त्यांनी बरीच वर्षं चालवला. टॉवेलची घडी कुठल्या बाजूने घालायची इथपासून आमची जुंपायची. मी टपालाच्या खिडकीवर बसणारी, दिवसभर लोकांची बोलणी खाऊन घरी येणारी. त्या नाकावर माशी बसू न देणाऱ्या. मध्ये माझा नवरा, वर्तमानपत्रात तोंड खुपसून. आमची मुलगी मात्र पाळण्यात होती तेव्हापासून आत्याची. आई ओरडली की आत्याच्या खोलीत, आत्या ओरडली तरी आत्याच्याच खोलीत.

त्यांची पहिली नोकरी घड्याळांच्या कारखान्यात होती. तबकडीवर बारीक आकडे चिकटवायचे, डोळ्याला भिंग लावून. पुढे लोकांनी मनगटावरचं घड्याळ सोडून खिशातल्या फोनमध्ये वेळ बघायला सुरुवात केली आणि कारखान्याला कुलूप लागलं. मग एका संशोधन संस्थेत त्या काचेची भांडी धुवायच्या कामाला लागल्या. तिसऱ्या मजल्यावर लांबट खोली, पांढरी टेबलं, कोपऱ्यात कायम घरघरणारा मोठा फ्रीजर, आणि खिडक्या अशा की उघडायच्याच नाहीत. कपडे घरी आले तरी त्यांना स्पिरिटचा वास यायचा.

त्या खोलीत रक्तातून रोग ओळखणाऱ्या पट्ट्या बनवत. पट्टी म्हणजे प्लॅस्टिकचा बोटाएवढा तुकडा, त्याच्या टोकाला मसुरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. त्या ठिपक्यावर आधी सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा थेंब टाकायचा. हे सोनं पाण्यात लाल दिसतं. ताईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं आपल्याला कुणीतरी बनवतंय. तो थेंब वाळला की त्यावर अँटीबॉडीचा थेंब. मग उघडी राहिलेली जागा झाकायला आणखी एक. एक थर चुकला की पट्टी कचऱ्यात. थेंब टाकणारं यंत्र होतं, पण ते सारखं आजारी पडायचं, आणि विद्यार्थ्यांचे हात चहा पिऊन पिऊन थरथरायचे. एकदा गंमत म्हणून कुणीतरी थेंब सोडायची नळी, पिपेट, ताईंच्या हातात दिली. तबकडीवर आकडे बसवणारा हात तो, हललाच नाही. तेव्हापासून भांडी दुसऱ्या बाईकडे गेली आणि ताई टेबलाशी बसल्या. पोरापोरींनी त्यांचं नाव थेंबताई ठेवलं.

हे नाव त्यांना इतकं आवडलं की घरात आमचं जगणं मुश्कील झालं. मी कढईत तेल ओतायला लागले की मागून आवाज यायचा, धार नको, थेंब. मुलीच्या खोकल्याचं औषध त्या श्वास रोखून चमच्यात घेत आणि तिलाही श्वास रोखायला लावत. मी एकदा म्हटलं, ताई, ते सोन्याचं पाणी नाही, खोकल्याचं औषध आहे. दोन दिवस बोलल्या नाहीत. मला तेवढीच विश्रांती.

त्या पट्ट्या ज्या रोगासाठी होत्या तो बायकांचा रोग. अंडाशयातली गाठ. पोटात खोल बसते, दुखत नाही, आणि कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. पण गाठ लहान असतानाच एक प्रथिन रक्तात उतरायला लागतं. ते अगदी थोडं असताना पकडायचं, एवढाच त्या सगळ्या खटाटोपाचा हेतू. पट्टीवर रक्ताचा थेंब टाकायचा. आजाराचं प्रथिन असेल तर अँटीबॉडी ते धरून ठेवते. मग पट्टीतून बारीकशी वीज सोडली की संगणकाच्या पडद्यावर टेकाड उमटतं. प्रथिन जास्त, टेकाड उंच. ताई हे सगळं मला ताटातल्या भातावर बोटाने टेकाड करून समजावत. मला समजलं नाही असं म्हटलं की मोठं टेकाड करत.

आता रोगी ओळखायचा तर निरोगी माणूस कसा दिसतो हे आधी माहीत पाहिजे. निरोगी रक्तातसुद्धा टेकाड अगदीच सपाट नसतं, काहीबाही पट्टीला उगाच चिकटतंच. त्याला ते लोक गोंगाट म्हणतात. निरोग्याचं जेवढं टेकाड, तिथे शून्याची रेघ ओढायची. रोग्याच्या टेकाडातून तेवढं वजा करायचं. उरेल तो आजार.

आणि निरोगी रक्त आणायचं कुठून? हॉस्पिटलातून मागवायचं तर परवानग्या, समित्या, सह्या. म्हणून अशा ठिकाणी एक सोपी रीत पडून गेलेली असते. आपल्यातल्याच कुणालातरी बाही वर करायला सांगायचं. विद्यार्थिनी सगळ्या कोवळ्या, आणि रोग पन्नाशीच्या आसपासच्या बायकांचा. त्या मजल्यावर त्या वयाची बाई एकच. कधी रजा नाही, कधी सर्दी नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, त्यांनी विचारलं आणि ताईंनी लगेच हात पुढे केला. दर महिन्याला एक नळी. खालच्या दवाखान्यातली नर्स यायची, रक्त काढायची, ते यंत्रात फिरवलं की वरचं पिवळं पाणी वेगळं व्हायचं, आणि फ्रीजरमध्ये एका डब्यात जायचं. डब्यावर लिहिलेलं होतं, निरोगी.

ते घरी सांगताना ताईंचा चेहरा बघण्यासारखा होता. जन्मभर कुणी त्यांना शाबास म्हटलं नव्हतं. भावाला वाढवलं ते कर्तव्य, कारखान्यात राबल्या ती नोकरी. इथे मात्र जगातल्या सगळ्या बायकांची तब्येत त्यांच्याशी ताडून पाहणार होते. मला ठसक्यात म्हणाल्या, तुमच्यासारख्या गोळ्या खाऊन जगणाऱ्यांचं रक्त नाही घेत तिथे. मला रक्तदाब आहे, म्हणून तो टोमणा.

पहिले काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग गोंगाट वाढायला लागला.

निरोगी रक्ताचं टेकाड थोडं उंच येऊ लागलं. पुढच्या महिन्यात आणखी थोडं. नेमकं त्याच सुमाराला अँटीबॉडीच्या बाटल्या दुसऱ्या पुरवठादाराकडून यायला लागल्या होत्या. त्यामुळे खापर त्याच्यावर फुटलं. त्याला खरमरीत पत्रं गेली. त्याने बाटल्या बदलून दिल्या, पण टेकाड काही खाली येईना. मग पट्ट्यांवर संशय. मग पाण्यावर. मग, कुणी उघड बोललं नाही तरी, ताईंच्या हातावर. ते त्यांना फार लागलं. त्या घरी येऊन जेवायच्या नाहीत. मला वाटायचं अपमान गिळतायत. त्यांनी पट्ट्या जास्त वेळ धुवायला सुरुवात केली, दोनदा, तीनदा, क्षार कमीजास्त करून, साबण घालून. काहीही करून तो गोंगाट निघायला हवा, हा एकच ध्यास. पट्टीला जे घट्ट चिकटलं होतं ते काय होतं हे आज आम्हाला माहीत आहे. ते तिथे बसलेल्या एकालाही सुचलं नाही. पदव्या घेतलेल्यांना नाही आणि ताईंनाही नाही, कारण डब्यावर अक्षरं होती आणि ती सगळ्यांनी मिळून लिहिलेली होती.

टेकाड कमी होईना, तेव्हा सरांनी शून्याची रेघच वर सरकवली. तसं करायची मुभा असते म्हणे. जेवढा गोंगाट, तेवढं वजा करा. काम पुढे चालू झालं आणि ताईंवरचं किटाळ गेलं. त्या दिवशी त्या खुशीत घरी आल्या.

पण जेवण कमीच राहिलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. पोट मात्र वाढायला लागलं, आणि हातपाय काटकुळे होत चालले. मी ते पाहिलं आणि बोलले. मी गप्प बसणाऱ्यातली नाही. डॉक्टरकडे चला म्हणून मी त्यांच्या मागे लागले. नवऱ्याला वर्तमानपत्रातून बाहेर काढून बोलायला लावलं. मुलीला पाठवलं. सगळ्यांना एकच उत्तर.

एकदा मी वैतागून अपॉइंटमेंटच घेतली आणि कामावरून अर्धी रजा टाकून त्यांना न्यायला संस्थेच्या फाटकाशी गेले. त्या बाहेर आल्या, मला बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि तिथेच, रखवालदारासमोर, मला ऐकवलं.

"अगं, माझं रक्त दर महिन्याला तपासतात. याच रोगासाठी तपासतात. तुझा डॉक्टर पोटावर हात ठेवून मला काय वेगळं सांगणार आहे?"

मी म्हटलं, तपासत नाहीत ताई, वापरतात. त्या म्हणाल्या, तुला कळत नाही त्यात तू पडू नकोस. रखवालदार हसला. मी ती अर्धी रजा बाजारात घालवली आणि घरी आल्यावर त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांनी स्वतःहून माझ्यासाठी चहा केला, हे त्यांच्या परीने क्षमा मागणं. पण डॉक्टरचं नाव काढू दिलं नाही. पित्ताची गोळी घ्यायच्या, गरम पाण्याची पिशवी घ्यायच्या, आणि सकाळी आठला पिपेट धरायला जायच्या.

मग हॉस्पिटलच्या परवानग्या आल्या. रोग्यांच्या रक्ताबरोबर प्रथमच बाहेरच्या निरोगी बायकांचंही रक्त आलं. पट्ट्यांवर थेंब पडले आणि पडद्यावर निरोगी बायकांची टेकाडं उमटली ती जवळजवळ सपाट. शून्याच्या रेघेच्याही कितीतरी खाली. प्रयोगशाळेत आनंदीआनंद झाला. गोंगाट गेला, धुण्याची नवी पद्धत लागू पडली, असं सरांनी जाहीर केलं. केक आणला. ताईंनीही तो खाल्ला आणि घरी येऊन उलटून टाकला.

दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी त्यांचं रक्त पुन्हा पट्टीवर ठेवलं. टेकाड होतं तिथेच होतं, उलट आणखी उंच. रोग्यांच्या रांगेत शोभेल असं.

इतक्या शिकलेल्या माणसांना इथे तरी काही सुचावं की नाही? सरांना एवढंच सुचलं की हा नमुना बाद करावा. ते ताईंना म्हणाले, तुमच्या रक्तात काहीतरी चिकट आहे, आमच्या सेन्सरला, म्हणजे पट्टीला, मानवत नाही, यापुढे नळी देऊ नका. डबा फ्रीजरच्या तळाच्या कप्प्यात गेला. ताई घरी आल्या त्या थेट खोलीत गेल्या. मी दारातून विचारलं तर भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, आता माझं रक्तसुद्धा त्यांना चालत नाही. मी त्यांना भांडताना पाहिलं होतं, रुसताना पाहिलं होतं, रडताना त्या दिवशी पाहिलं.

त्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी होती, जाड भिंगांची, ताई तिला चष्मेवाली म्हणत आणि तिच्यासाठी डबा नेत. ती एका रविवारी दुपारी आमच्याकडे आली. पाणी दिलं ते तिने प्यायलं नाही. ताई झोपल्या होत्या. ती माझ्याशीच बोलली, खाली बघत. म्हणाली, ताईंच्या सगळ्या जुन्या नळ्या तिने हॉस्पिटलच्या निरोगी रक्ताशी ताडून पाहिल्या. सुरुवातीच्या साफ आहेत. मग एक महिना असा येतो की टेकाड उठायला लागतं, आणि ते दर महिन्याला वाढत गेलंय. चिकट काही नाही. जे धरायला पट्टी बनवली तेच तिने धरलंय.

मी विचारलं, हे सरांना माहीत आहे? ती म्हणाली, सांगितलं. मग? सर म्हणाले, नमुना देणाऱ्याला निकाल कळवायचा नाही असा नियम आहे, सेन्सरला अजून मान्यता मिळालेली नाही, समितीला विचारू. समिती कधी बसते? पुढच्या महिन्यात, ती म्हणाली. आणि तुला हे कळून किती दिवस झाले? ती रडायला लागली. तिला दोन आठवडे लागले होते. तिची पदवी सरांच्या सहीवर अडकलेली. मी तिला जवळ घेतलं नाही. नंतर वाटलं घ्यायला हवं होतं, निदान ती आली तरी. पण तेव्हा मला त्या मजल्यावरच्या एकाही माणसाची दया येत नव्हती.

संध्याकाळी मी ताईंना सगळं सांगितलं, आणि या वेळी त्या न भांडता निघाल्या. मोठ्या हॉस्पिटलात पोटातून पाणी काढलं, फोटो काढले, तुकडा तपासला. डॉक्टरीणबाईंनी आम्हा नवराबायकोला आत बोलावलं, तेव्हा ताई म्हणाल्या, मलाच सांगा, माझ्या भावाला झेपणार नाही. सगळीकडे पसरलं होतं. ऑपरेशनने काही साधणार नव्हतं. औषधं द्यायची ती वेळ लांबवण्यासाठी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एवढं अंगावर का काढलंत? ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फाटकावरचं काही बोलले नाही, माझ्या जिभेने पहिल्यांदाच सुट्टी घेतली.

त्यांचे शेवटचे महिने आमच्या पुढच्या खोलीत गेले, खिडकीजवळच्या पलंगावर. मुलगी कॉलेजातून आली की त्यांच्या पायाशी बसायची. मी रजा घेतली. आमची भांडणं चालूच होती आणि ती चालू राहावीत म्हणून मी मुद्दाम टॉवेलची घडी उलटी घालायचे. त्या ओरडायच्या. आवाज बारीक होत गेला तरी ओरडायच्या.

सर आले ते या दिवसांत. सोबत चष्मेवाली आणि सफरचंदांची टोपली. सर वाईट माणूस नाही असं सगळे म्हणतात. मीही म्हणेन, पण दात आवळून. ते पलंगाशेजारच्या खुर्चीत अवघडून बसले, फार वाईट वाटतं म्हणाले, संस्थेतल्या सगळ्यांनी नमस्कार सांगितलाय म्हणाले. शेवटी मुद्द्यावर आले. ताईंच्या नळ्या. निरोगी असल्यापासून आजार पुरा वाढेपर्यंत, एकाच बाईचं, दर महिन्याचं रक्त. असा संच कुणाकडे नाही. रोगी बाई हॉस्पिटलात येते तेव्हा उशीर झालेला असतो, त्याच्या आधीचं रक्त कुणी ठेवलेलंच नसतं. हे छापून आलं तर हजारो बायकांचा फायदा होईल. ताईंची संमती असावी असं त्यांना वाटत होतं.

मी तोंड उघडणार होते. ताईंनी हात वर केला.

"किती आधी दिसत होतं?" त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, ते नेमकं सांगणं अवघड आहे, आकडेवारीचा प्रश्न आहे. ताईंनी चष्मेवालीकडे बघितलं. ती म्हणाली, वर्षाच्या वर.

"तेव्हा पोट दुखत नव्हतं माझं."

"नव्हतं, ताई."

"तेव्हा काढून टाकता आली असती गाठ?"

सर म्हणाले, मी त्या अर्थाने डॉक्टर नाही. चष्मेवालीने होकारार्थी मान हलवली. ताई थोडा वेळ डोळे मिटून पडल्या. मला वाटलं दमल्या. पण त्या विचार करत होत्या. मग त्यांनी पायाशी बसलेल्या माझ्या मुलीकडे बोट केलं.

"ही माझ्या भावाची मुलगी. हा रोग रक्ताच्या नात्यात उतरतो ना? मग हिचं रक्त घ्या. दरवर्षी घ्या. आणि जे दिसेल ते हिला सांगा. त्याच दिवशी, तोंडावर सांगा. एवढं करणार असाल तर माझ्या सगळ्या नळ्या तुमच्या."

नवरा दारात उभा होता, त्याने तोंड फिरवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग अगदी हळू आवाजात समजावून सांगितलं की तसं करता येत नाही. सेन्सरला मान्यता नाही. मान्यता नसलेल्या यंत्राचा आकडा कुणाला सांगणं हा गुन्हा ठरेल. मुलीने हॉस्पिटलात जाऊन रीतसर तपासण्या कराव्यात, ते स्वतः चिठ्ठी देतील.

ताई म्हणाल्या, "मग माझं रक्त फेकून द्या."

सर मान हलवत उठले. होकाराची होती की नुसती निरोपाची, ते मला कळलं नाही. जाताना चष्मेवालीने ताईंच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

त्यानंतर ताई फार दिवस राहिल्या नाहीत. शेवटी त्यांना गुंगीच्या औषधावर ठेवलं होतं. मुलगी त्यांच्या ओठांवर पाण्याचा एकेक थेंब सोडायची, त्यांच्याच पद्धतीने, श्वास रोखून. मी बघायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे. त्या गेल्या तेव्हा माझा नवरा लहान मुलासारखा रडला. मी त्याला रडू दिलं. त्याची आईच गेली होती.

काही महिन्यांनी चष्मेवालीचा फोन आला. लेख छापून आला होता. मी विचारलं, नळ्या फेकल्या नाहीत? ती म्हणाली, ताईंनी पहिल्या दिवशीच एका कागदावर सही केली होती. रक्त संस्थेचं, त्याचं काय करायचं ते संस्था ठरवणार. संमतीची गरजच नव्हती. सर घरी आले होते ते चांगुलपणा म्हणून. तिने मला लेखातलं एक वाक्य वाचून दाखवलं, म्हणाली तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. कोणतीही लक्षणं दिसण्यापूर्वी आमच्या सेन्सरने एका स्त्रीच्या रक्तात हा रोग वर्षभराहून अधिक काळ आधी ओळखला. मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. त्यात खोटं एक अक्षर नाही. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी टपालाच्या खिडकीवर ज्या ज्या माणसाने माझ्याशी वाद घातला त्याची खैर राहिली नाही.

मुलीला घेऊन मी हॉस्पिटलात गेले, सरांच्या चिठ्ठीशिवाय. अशा घरांतल्या मुलींसाठी तिथे वेगळा विभाग आहे. रांग मोठी, भिंती फिकट हिरव्या, बाकावर सगळ्या बायका एकमेकींच्या पोटाकडे न बघता बसलेल्या. आमचा नंबर आल्यावर एका तरुण नर्सने आम्हाला समोर बसवलं आणि संगणकावर माहिती भरायला घेतली. घरात हा आजार कुणाला होता? आत्याला, मुलगी म्हणाली. वय काय होतं? ते सांगितलं. वाचल्या का? मुलीने नकारार्थी मान हलवली.

नर्सने विचारलं, आजार पहिल्यांदा कधी लक्षात आला?

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी नर्सला म्हटलं, दोन तारखा आहेत. एक यंत्राला कळलं ती, दुसरी आम्हाला कळलं ती. त्यांच्यामधल्या अंतराने माझी नणंद नेली. नर्सला वाटलं मला नीट ऐकू आलं नसावं. तिने तोच प्रश्न पुन्हा, जरा मोठ्याने विचारला, आणि म्हणाली की इथे एकच तारीख घालता येते. बाहेर रांग होती, ती तरुण नर्स दमलेली दिसत होती, आणि तिचा काही दोष नव्हता. मी नंतरची सांगितली.